पेशीच्या अंगावरची साखर

बाळांनो, समोरच्या घरातली शास्त्रज्ञ आजी काल कायमची लेकीकडे पुण्याला गेली. तुम्ही सुट्टीत याल तेव्हा तिथे कुलूप दिसेल, म्हणून ती कोण होती ते आजच लिहिते. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूवर इतकं प्रेम करणारं माणूस अख्ख्या बदनापुरात दुसरं झालं नाही.

आपल्या रोगप्रतिकारक पेशींच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. त्यांच्या अभ्यासात हिने प्रयोगशाळेत जन्म काढला. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाकाचा पहिला काटा फुटला, की हिचा हात थांबायचा. "ताई, पाहा! पेशी अशीच दिसती!" तोवर उरलेले तीळ करपलेले असायचे. भाजीवाल्यालाही तिने समजावलं होतं, की कोवळ्या पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत शिकायला जातात. अंगावरची साखर चुकली तर त्यांना तिथला इशारा कळत नाही आणि त्या भलत्याच काही होऊन बसतात.

"म्हंजी वळण बिघडतं," तो म्हणाला.

"बिलकुल बराबर!" म्हणत तिने आनंदाच्या भरात नको असलेली मेथी घेतली.

आणि हिचीच नात जन्मली ती अशा पेशींवाचून. साधा खोकलाही त्या लेकराच्या जिवावर बेतायचा. मोठ्या भावाची अस्थिमज्जा, म्हणजे या पेशी जिथे तयार होतात तो हाडातला मगज, तिला दिली, आणि दवाखान्यातून सुटल्यावर लेक तिला इथे घेऊन आली. आता नव्या पेशी शिकतात की नाही, एवढीच वाट पाहायची होती. आजी मास्क लावून फाटकाशी उभी. राजूरच्या देवळातून प्रसाद घेऊन आलेल्यांना म्हणायची, "पेढे पायरीवर ठेवा. जयभीम तिथूनच घ्या. आत परीक्षा चालू हाय."

"लई अवघड हाय का वो पेपर?" मी विचारलं.

"फार. बहुतेक पेशी नापासच होतात. आपल्याच अंगावर उठणाऱ्या पेशीला तर बाहेर सोडतच न्हाईत."

गल्लीने थट्टा केली, पण फाटकासमोर कुणी शिंकलंसुद्धा नाही. वरातीचा बँड मागच्या रस्त्याने गेला.

एका सकाळी लेकीने फोनवरचा अहवाल दाखवला. नव्या पेशी शिकून बाहेर पडल्या होत्या. आजीने तो दोनदा वाचला आणि ती पायरीवर बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, उंदरांत किती येळा पाह्यलं. पण हे असं होतं, यावर आज इश्वास बसून राह्यला."

नात आता पुण्यात बालवाडीत जाते. मागच्या आठवड्यात तिला सर्दी झाली होती. ती आपली आपणच बरी झाली.