पाच मेंढरांची केस

त्या दिवशी कोर्टात कोण कोण व्हतं ते आधी सांगते. म्या व्हते, माझी सासू व्हती, सहावीतली माझी लेक व्हती. पिंजऱ्यात लेकीचा बाप, म्हंजे माझा नवरा. त्याच्या बाजूनं सरकारनं फुकट दिलेले वकीलसाब, जुन्या शहरातले, पांढऱ्या दाढीचे. समोर सरकारी वकील, वर जजसाहेब. आन् ज्याची पाच मेंढरं आमी चोरली म्हणत व्हते तो बागाईतदार, त्याची मेंढरं राखणारा मेंढक्या, अन् दारात पट्टेवाला. येवढीच माणसं. पर मला जत्रंत उभी हाय असं वाटत व्हतं.

आमी धनगर. चितेगावाच्या माळावर मेंढरं चारायचो. मग तिथं कंपन्या आल्या, भिंती आल्या, तारा आल्या. चारायला पट्टाच राहिला नाय. त्यात लागोपाठ दुसऱ्या साली पाऊस गेला. भिंतीच्या कडंनं एकच वाट, समोरून दुसरा कळप आला की मेंढरं मिसळणारच. तशी त्या बागाईतदाराची पाच आमच्यात आली. दिवस मावळता मोजली तवा कळलं. त्यांचा कळप कुठं गेला पत्ता नाय, अन् आमच्या हिरीला पाणी नाय. थांबावं तर आमचीच मरत्यात. म्हणून ह्यांनी त्या पाचांच्या पाठीवर काव लावली, लाल माती असती ना ती, अन् आमी कळप घेऊन पैठणच्या अंगाला निघालो. वीस दिसांनी पोलीस आले. म्हणले, चोरली, वर रंग लावून आपली खूणबी केली.

जामीन राहायला कोण न्हवतं. हे दोन म्हयने आत. म्या शहरात नव्या बिल्डिंगीवर इटा वाहिल्या, सासूनं मेंढरं सांभाळली. आठवड्याला तीन-चार मरायची. रडायला येळ न्हवता.

त्या दिवशी साक्षी व्हत्या. पुकारा व्हायच्या आधी व्हरांड्यात वकीलसाब म्हणले, "देखो बाई, दोन म्हैने झाले. गुन्हा कबूल केला तर साहब भोगली तेवढीच शिक्षा देतील. आज घरी."

सासू म्हणली, "म्हणू द्या कबूल. पोरगं घरला येऊ द्या आधी."

मलाबी तेच वाटलं. खरं सांगते.

लेक म्हणली, "आन् मग बापू चोर व्हणार ना?"

"गप बस गं."

"गप कशी बसू? कागदावर चोर राहील त्यो. जल्मभर!"

वकीलसाब दमल्यावानी हसले. "बेटी, पाठीवर रंग मिला ना. तुझ्या बापनंच खूण केली."

तशी पोरगी उसळली. "ओ वकीलबाबा, तुमाला येवढंबी ठाव नाय? काव आपल्या मेंढराला लावत्यात व्हय? आपल्या मेंढराच्या कानाला खाच असती. काव परक्याला लावत्यात! मालक आला की झटकन वळखून न्यावं म्हणून!"

वकीलसाब जागीच थांबले. "क्या बोली? फिरसे बोल."

सासू म्हणली, "ह्येच्यात काय सांगायचं? सगळ्या जगाला ठाव हाय."

सगळ्या जगाला ठाव नव्हतं. पोलिसाला नव्हतं, वकिलाला नव्हतं. आमी दोन म्हयने कुणाला बोललोच नाय, कारण हे सांगावं लागतं असं आमच्या डोक्यातच आलं नाय.

वकीलसाब तिथंच पायरीवर बसले, काळा कोट धुळीत. पंचनाम्याचा कागद काढला अन् वाचला, "पाच मेंढ्या, पाठीवर लाल रंग, अंगावर लोकर." मान वर केली. "लोकर? अन् तुमच्या?"

"आमची पैठणच्या वाटंवरच कातरली व्हती," म्या म्हणले. "परक्याची लोकर कशी घ्यावी?"

त्यांनी फाईल फाटकन मिटली. "आज कबूल नहीं. चलो!"

मग बागाईतदाराचा मेंढक्या साक्षीला उभा राहिला. तोबी धनगरच. वकीलसाब त्याला लई गोड बोलले. "काय पाहुणे, तुमच्या कळपात दुसऱ्याचं मेंढरू आलं तर काय करता?"

तो बिचारा ताठ झाला. "पाठीवर काव लावतो साहेब."

"आन् स्वतःच्या मेंढराला?"

त्याला हसूच आलं. "सोताच्याला कशाला लावंल कोण? त्याच्या कानाला खाच असती."

"ह्या पाचांच्या कानाला आरोपीनं नवी खाच मारली व्हती?"

"नाय साहेब."

"लोकर कातरली व्हती?"

"नाय साहेब." मग त्याचं त्यालाच उमगलं. तो पिंजऱ्यातल्या ह्यांच्याकडं बघाय लागला. बागाईतदार खाली बघाय लागला. जजसाहेबांनी लेखणी थांबवली अन् म्हणले, "परत सांगा, हळू सांगा." माझी लेक बाकड्यावर चढली व्हती. पट्टेवाला खेकसला, "ए पोरी, उतर खाली, तमाशा हाय का?" ती उतरली, पर तिचे डोळे! असं बघत व्हती जसं सारं कोर्ट तिच्या मुठीत आलंय.

निकाल त्याच्या म्होरं कोर्टाच्या तिसऱ्या तारखेला लागला. निर्दोष. हे सुटले तवा साठातली एकोणीस मेंढरं उरली व्हती. ह्यांनी ती मोजली अन् चारायला नेली.

लेक मातर त्या दिसापासनं शाळंला जायची तर पळतच. वकीलसाब म्हणले व्हते, "दसवी पास हो, फिर मेरे पास आ." ती दहावी झाली, बारावी झाली, शहरातल्या छावणी भागात एका घरी धुणीभांडी करून कायद्याचं कॉलेज केलं. कोटाचं काळं कापड घ्याय आमी दोघी गुलमंडीच्या बाजारात गेलो. शिंप्यानं विचारलं, "मापाला भाऊ कुठंय?" लेक म्हणली, "भाऊ नाय. माझंच माप घ्या." शिंपी दातात टेप धरून बघतच राहिला. म्या दुकानात मोठ्यानं हसले. दुस्काळापासनं तशी हसले नव्हते.

आता ती आरोपींच्याच केसी घेती. भावकीतली माणसं टोमणे मारत्यात, "तुझी लेक चोरांची वकील." म्या म्हणते, "व्हय, आमीबी चोरच व्हतो की, तिसऱ्या तारखंपत्तूर."

म्या दुसरीपत्तूरच शिकले, हे नातीकडून लिहून घेतलंय. वाचणाऱ्याला येवढंच मागते. तुमच्या घरातलं माणूस असं अडकलं तर कबूल म्हणायच्या आधी वकिलाला समदं सांगा. सगळ्यांना ठावंच असंल असं वाटतं ना, तेबी सांगा.