पिना लावलेलं कव्हर

"वहिनी, एक पिन द्या."

उंबऱ्याच्या आत पाय न टाकता, दारातच उभा राहून तो एवढंच म्हणायचा. आमच्या हिच्या बांगड्यांत दोनचार सेफ्टी पिना कायम अडकवलेल्या असायच्या. तुमच्या घरातल्या बायकांच्याही असतील, बांगडीत नाहीतर मंगळसूत्रात. पदर सुटला, हूक तुटला, पिशवीचा बंद गेला, की पिन हाताशी. ही पिठाचे हात धुवायची, एक पिन काढून त्याच्या तळहातावर ठेवायची आणि विचारायची, "आज काय फाटलं रं पेंटर?"

"फाटलं काय न्हाई वहिनी. गाण्याला लावायचीय."

गाण्याला पिन लावणारा माणूस तुम्ही बघितलाय का? मी बघितलाय. आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. मला त्याची भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकतो.

मी चार बुकं शिकलेला. आमची माणसं पूर्वी मेंढरांमागं फिरायची. बाप शिरूरच्या बाजूला एका जागी बसला, शेती करायला लागला. मी कुरकुंभला केमिकल कंपनीत हेल्पर लागलो आणि दौंडात चाळीत खोली घेतली. नव्वद सालानंतरची गोष्ट. कंपनीत मला सगळ्याचीच भीती वाटायची. वासाची, वाफेची, भोंग्याची. एखाद्या दिवशी कसलाच वास आला नाही तर त्याची जास्त.

तो तिथंच ठेकेदाराकडं पेंटर होता. ड्रमवर कवटी आणि दोन हाडं काढायचं त्याचं काम. पत्र्याचा स्टेन्सिल ठेवायचा, काळा रंग मारायचा, पुढचा ड्रम घ्यायचा. सगळ्या कवट्या एकसारख्या यायला पाहिजेत. त्याच्या येत नसत. एखादीचा जबडा तो ब्रशनं जरा लांब करायचा, एखादीचे दात कमी करायचा. एकदा बिहारकडचा नवा कामगार ड्रम ढकलत आला आणि कवटी बघून मागं सरला. हा डबा खाली ठेवून त्याच्याकडं गेला.

"डर लगा क्या?"

त्या बिचाऱ्यानं मान हलवली. हा माझ्याकडं वळून म्हणाला, "भ्या वाटलं त्याला. मग जमलं." आणि खुशीत पुढच्या ड्रमला लागला.

हे त्याचं कायमचं. भ्या वाटलं का? मग जमलं.

आणि स्वतः कसा, तर पालीला भिणारा. धोक्याच्या भोंग्याची चाचणी असली की आधी नोटीस लागायची, सुपरवायझर येऊन सांगून जायचा, तरी गेटाबाहेर पहिला हाच उभा. ब्रश हातात तसाच, रंग पँटवर गळतोय. आमची ही त्याला म्हणायची, "कवट्या काढतोस आन् पालीला भितोस व्हय रं?"

"कवटी हालत न्हाई वहिनी," तो म्हणायचा.

तो शिरूरकडचा, मिशनच्या वस्तीतला, ख्रिस्ती. आई तिकडंच असायची. त्याचा मामा बोटीवर आचारी होता, देशोदेशी फिरलेला. मामा गेल्यावर त्याची लाकडी पेटी ह्याच्याकडं आली. वर एक कोट, खाली विलायती रेकॉर्डी. पेटी मातीच्या घरात पडून राहिलेली. वाळवीनं कोट खाल्ला, रेकॉर्डींची पुठ्ठ्याची कव्हरं खाल्ली. तबकड्या तेवढ्या राहिल्या, काळ्या आणि नागड्या. एका कव्हराचा कोपरा शिल्लक होता. त्यावर पेपरातून कापून चिकटवलेली लहानमोठी अक्षरं आणि कुणाच्या तरी गालात घुसवलेली सेफ्टी पिन. गाल कुणाचा ते वाळवीला माहीत.

त्या एका कोपऱ्यावरून त्यानं बाकीची सगळी कव्हरं नव्यानं करायला घेतली. नोकरी, जेवण, झोप, आणि हे.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. तेव्हा तो रेकॉर्डीचं मशीन लावायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पत्र्यावर कुणीतरी दगड मारत पळतंय. मी बनियनवर बाहेर आलो.

"काय रं हे?"

"ह्याला पंक म्हणत्यात दादा. विलायती पोरांचं गाणं."

"कळतंय का तुला, काय बोंबलतोय तो?"

"शब्द मला बी कळत न्हाईत. पण ऐका की. हा माणूस भ्यालाय. भ्यालेलं माणूस असंच वरडतं."

मी ऐकलं. मला काही पटलं नाही. मी भ्यालो की माझा आवाज बसतो.

कव्हर करायची त्याची तऱ्हा मी बसून बघितलीय. पुठ्ठा कापायचा, त्याला सिमेंटच्या गोणीचा कागद मैद्याच्या खळीनं चिकटवायचा. मग चित्र. चित्र तो काढत नसे. कुठला तरी फोटो घेऊन स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं जायचा, मोठा करून आणायचा. मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. मग तिची. चेहऱ्यावरचं करडं सगळं जायचं, नुसतं काळं आणि पांढरं राहायचं.

"दर झेरॉक्सला माणूस थोडं कमी हुतं दादा," तो म्हणायचा. "शेवटाला जे ऱ्हातं ते कव्हरावर घ्यायचं."

मग ब्लेडनं पेपरातली अक्षरं कापायची. एक बारीक, एक ढब्बू, एक वाकडं. सरळ लावलं की त्याला करमत नसे. वर लाल नाहीतर काळा शिडकावा. शेवटी पिना. आणि सगळ्यावर ड्रमाचं वार्निश, म्हणजे वाळवी तोंड लावणार नाही. कव्हर झालं की भिंतीला टेकवून लांब जायचा. "लांबनं बघितलं की हात मागं गेला पायजे. जवळनं बघितलं की फुडं."

माझा हात मागंच राहायचा. त्याच्या खोलीत भिंतीला ओळीनं टेकवलेली ती तोंडं, कुणाचे डोळे काळ्या पट्टीनं झाकलेले, कुणाच्या ओठात पिन. मी त्या खोलीत पाठ भिंतीकडं करून बसत नसे. हिला मात्र काही वाटायचं नाही. एका कव्हरावर नुसती कवटी होती. ती बघून म्हणाली, "हिला कुंकू लाव की रं. उघड्या कपाळाची दिसती." त्यानं खरंच लाल ठिपका लावला. दोघं हसत बसले. मी बाहेर येऊन बिडी ओढली.

त्या वर्षी हिला मुदतीचा ताप आला. उतरायचा, परत चढायचा. डॉक्टरनं सलाईन लावलं, घरी पाठवलं. ही खाटेवर, ओठ सुकलेले, मधेच काहीतरी बडबडायची. मी रजा टाकून उशाशी बसून. तिचा श्वास ऐकत बसायचो आणि दोन श्वासांच्या मधे माझा थांबायचा. असल्या दिवसांत माणसाला कुणी काहीही सांगावं, त्याला ते खरं वाटतं.

गुरुवार होता. दुपारी अंगणात घरमालकीण मावशी ओरडली. मी बाहेर गेलो. पेंटरनं एक कव्हर वार्निश लावून उन्हात वाळायला ठेवलं होतं, उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड. मावशी त्यापासून लांब उभी, पदर तोंडावर.

"बघ. तुझ्या बायकूचं तोंड हाय."

हिचंच होतं. काळं-पांढरं, नुसतं डोळे, भुवया आणि हसू राहिलेलं. केस शाईनं काट्यासारखे उभे केलेले. गालात दोन पिना. आणि वर पेपरातली तीन वेगवेगळी अक्षरं: व, हि, नी. कपाळावर लाल ठिपका. कोपऱ्यांवर दगड.

आता तुम्हीच सांगा, आमच्यासारख्या माणसानं त्याला काय समजायचं? घरात बाई तापानं फणफणलीय आणि बाहेर तिच्या तोंडात पिना घुसवून, नाव घालून, उन्हात ठेवलंय. करणी म्हणतात ती याहून वेगळी कशी असते, मला ठाऊक नव्हतं.

मावशीचा मुलगा आला, गल्लीतले आणखी चारपाच आले. एकाच्या हातात सळई होती. पेंटर आपल्या दारात, वार्निशचा ब्रश हातात तसाच.

"चर्चात जातोस आन् असली कामं करतोस?" मावशी म्हणाली.

"मावशी, ते गाण्याचं कव्हर हाय."

"कसलं गाणं? त्या बाईला मारायचं गाणं?"

मावशीचा मुलगा मला म्हणाला, "दादा, तुम्ही निस्ते बाजूला व्हा."

मी त्याच्या आणि पेंटरच्या दाराच्या मधे उभा होतो. मला बाजूला व्हायचं होतं का नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. पाय हलत नव्हते, एवढंच खरं. लोकांना वाटलं मी आडवा आलोय. सळईवाला थांबला. माझ्या मागं पेंटरचे दात वाजत होते, ते मला ऐकू येत होते.

तेवढ्यात आमच्या दारातून ही आली. भिंतीला धरत, केस मोकळे, घोंगडी अंगावर. एक पाऊल टाकायची, थांबायची. ती त्या कव्हराशी गेली आणि खालीच बसली, उभं राहणं होईना म्हणून.

"पिना माझ्या हायेत," ती म्हणाली. "म्याच दिल्या. फोटू बी म्याच दिला, शिरूरला काढलेला, जोडीचा."

"का गं बाई दिलास?" मावशी म्हणाली.

"त्यानं मागितला म्हणून. आमच्या ह्यांनी मागितलाय का कवा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी खाली बघितलं. कव्हराच्या कडेला तिच्या शेजारी एक काळा खांदा होता. तो माझा. बाकीचा मी झेरॉक्सवाल्याच्या दुकानात राहिलो होतो.

हिनं बांगडीतली पिन काढली. दोनदा सुटली. मग तिनं ती कव्हरावरच्या आपल्या गालात घुसवली, त्या दोन पिनांच्या खाली, आणि बंद केली.

"दुखलं का मला? बघा की. मेले का?"

मग दुसरी पिन काढून मावशीपुढं धरली. "घ्या. तुम्ही बी लावा एक."

मावशी मागं सरली. हात लावला नाही. बडबडत घरात गेली. मुलगा सळईवाल्याला घेऊन गेला. मी हिला उचलून खाटेवर आणलं. तव्यासारखी तापली होती. ती जगली की मेली यावर आता पेंटरचाही जीव लटकला होता. हे तिला कळत होतं का कुणास ठाऊक. मला कळत होतं. ती गेली असती तर ते परत आले असते आणि या वेळी त्यांना कुणी थांबवलं नसतं.

संध्याकाळी तो आमच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच बसला.

"दादा, लोकान्ला भ्या वाटावं म्हणून मी ही कव्हरं करतो. पण लोक खरंच भ्याले की काय करत्यात, ते आज बघितलं."

मीही त्यांच्यातलाच एक भ्यालेला.

हिचा ताप उतरला. उतरला तसा तोही गेला. कुरकुंभचं काम सोडलं, सणसवाडीला खोली घेतली असं मागून कळलं. सांगून गेला नाही. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर ते कव्हर, तिन्ही पिनांसकट, आत एक तबकडी. हिनं ते आत घेतलं, फडताळात ठेवलं. "भित्रं कुठलं," म्हणाली. पण पुढं बरेच दिवस दुपारी कुणी दारात उभं राहिलं की हिचा हात बांगडीकडं जायचा.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं राहिली. मग गेली. कशानं, ते मी लिहीत नाही.

दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. तो जोडीचा फोटो मधल्या काळात वाळवीनं खाल्ला होता. दुसरा कुठला काढलाच नाही, मी कधी मागितला नाही. फडताळात कव्हर तेवढं होतं. वार्निशमुळं वाळवीनं त्याला तोंड लावलं नव्हतं. वरवंडची बहीण ते बघून दोन पावलं मागं गेली.

"दादा, हे भिंतीला लावतोस? त्या पिना तरी काढ."

काढाव्या का नाही, ते पेंटरलाच विचारावं म्हणून मी सणसवाडीला गेलो. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, बाहेर वाळणारे कंपनीचे ड्रेस, सगळे बाहेरून आलेले. "कौन पेंटर, चाचा?" यापलीकडं कुणी काही सांगेना. एका पाण्याच्या टाकीवर मात्र कवटी होती, जबडा जरा लांब केलेली. रंग उडालेला. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो आणि एसटीनं परत आलो.

घरी येऊन मी कव्हर मांडीवर घेतलं. पेंटरनं लावलेल्या दोन पिना काढल्या. गालात भोकं राहिली, आत काळी तबकडी दिसायला लागली. तिसरी, हिनं स्वतः लावलेली, गंजून पुठ्ठ्यात बसली होती. जरा ओढली तर गालाचा कागद फाटायला लागला. मी इतका भ्यालो की हात काढून घेतला. एवढा मी स्मशानातही भ्यालो नव्हतो. ती मला परत एकदा जाताना दिसली.

हिच्या बांगड्या डब्यात होत्या. त्यांतल्या दोन पिना काढून त्या भोकांत घातल्या आणि बंद केल्या. कव्हर भिंतीला लावलं. हार घातला.

आता भेटायला येणारं माणूस दारातच थबकतं. कुणी म्हणत नाही, पण तोंडावर दिसतं. मी त्यांना आत या म्हणतो. मग एखादं पोर येतं, बघतं, आणि हात पुढं करून पिनेला बोट लावतं.

जमलं म्हणायचं, पेंटर.