दहा देशांचा धडा

मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. म्हणजे कॉलेजात शिकवायचं सगळं, पण विभागाच्या बैठकीत बसायचं ते नुसतं वृत्तांत लिहायला. मत नाही. दरवर्षी मी संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद शिकवतो. पाच देश कायमचे. त्यातला एक नाही म्हणाला की ठराव बुडाला. बाकीचे दहा दोन वर्षांसाठी येतात आणि जातात. त्यांनी करायचं काय? मी सांगतो, मसुदा आपण लिहायला घ्यायचा, दहा जणांनी एकी ठेवायची, फिरत्या अध्यक्षपदाचा आपला महिना आला की आपला विषय पुढे काढायचा, आणि खरं बोलणं सभागृहाबाहेर उरकायचं.

यंदा माझा तास दिवसाच्या शेवटी गेला. फुलंब्रीहून येणाऱ्या मुली बससाठी त्याआधीच उठून जायच्या. वर्ग निम्मा रिकामा. असंच चाललं तर विषय बंद होणार आणि त्याच्याबरोबर मीही. म्हटलं, इतकी वर्षं शिकवतोय ते एकदा करून तरी पाहू.

वेळापत्रक करायचा कायम प्राध्यापकांना कंटाळा. दुसऱ्या सत्राचं मी मागून घेतलं. बाकीच्या तासिकावाल्यांना गोळा केलं, त्यांच्याही अडचणी त्यात बसवल्या. मग एकेका वरिष्ठाला कँटीनमध्ये गाठून चहा पाजला आणि त्यांच्या दुपारच्या झोपेला कुठंही धक्का नाही हे पटवलं. पार दमलो. पण बैठकीत कुणी नाही म्हणालं नाही. माझा तास सकाळी आला.

मग विभागप्रमुख चष्मा पुसत म्हणाले, "सकाळची वेळ छान आहे. हा विषय आता मीच घेतो. तुम्हाला दुसरं काहीतरी बघू." आयत्या बिळावर नागोबा. राग आला, पण आता रागवायचाही शीण होतो. वृत्तांत लिहीत होतो, तो लिहीत राहिलो.

परवा बसस्टँडवर फुलंब्रीची एक मुलगी भेटली. वेळापत्रक कुणी केलं, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

"सर, आता आमचा तास बुडत नाय," ती म्हणाली. मला बरं वाटलं. "पण मोठे सर लई भरभर वाचतेत. ते दहा देशांचं तर सोडूनच दिलं. म्हणले, त्यांच्या हातात काहीच नसतं. खरंच नसतं का सर?"

तिची बस लागली होती.

"तू सकाळच्या तासाला बसतेस ना?"

"व्हय."

"मग थोडं असतं," मी म्हणालो.