वरणाचा वास येणारी गिटार

आमच्या घरात एक गिटार आहे आणि तिला वरणाचा वास येतो. पावसाळ्यात जरा जास्तच येतो. ती मी बनवली आहे. (वरण बायकोने बनवलं होतं. नावं ठेवायची तर नीट वाटून ठेवा!)

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्याने दिवसभर राबून केलेल्या वस्तूला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावायचा आणि शांतपणे 'नापास' म्हणायचं, हे माझं काम. सव्वीस वर्षं हेच करतोय. अशाने माणसाची नजर बिघडते. पोळीची जाडी सगळीकडे एकसारखी नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मंगलला सांगितलं होतं. पुढचा आठवडाभर मी कॅन्टीनच्या पोळ्या खाल्ल्या.

आमची मुलगी तेजू ताथवड्याला इंजिनिअरिंग करते. सातवीत असताना ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाणं म्हणायला उभी राहिली, पहिलीच ओळ विसरली आणि चपला हातात घेऊन जी पळत सुटली ती थेट घरी आली. त्यानंतर ती स्टेजवर म्हणून चढली नाही. बक्षीस मिळालं तरी आणायला मैत्रिणीला पाठवायची! त्यामुळे यंदा जेव्हा तिने जाहीर केलं की, कॉलेजच्या गॅदरिंगला ती आणि तिचा मित्र अनुप दोन गिटारींवर एक धून वाजवणार आहेत आणि ती धून तिने स्वतः बसवली आहे, तेव्हा मंगलने देवापुढे साखर ठेवली. अडचण एकच होती. दोघांत मिळून गिटार एकच होती, आणि ती अनुपची.

"पप्पा, एक गिटार घ्यायची का?" तेजूने विचारलं.

एवढा साधा प्रश्न! कुठलाही शहाणा बाप 'घेऊ' म्हणून मोकळा झाला असता.

"विकत?" मी म्हणालो. "घरात क्वालिटीचा माणूस असताना?"

कंपनीत नुकतंच परदेशातून मशिन आलं होतं. ते ज्या पाइनच्या खोक्यातून आलं त्या खोक्यात एक कुटुंब सुखाने राहिलं असतं. लाकूड भंगारात जाणारच होतं. साहेबांची परवानगी काढून मी चांगल्या फळ्या निवडल्या आणि गेटवर आलो.

"गेटपासवर काय लिहू, साहेब?" सिक्युरिटीवाल्याने विचारलं.

"लिहा, गिटार. सुटे भाग."

त्याने फळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'जळाऊ लाकूड'.

मापं घ्यायला मी अनुपला गिटार घेऊन घरी बोलावलं. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. दोन फ्रेटांच्या मध्ये तार दाबली की सूर बदलतो. मी व्हर्निअर काढला, त्या फ्रेटांमधली अंतरं मोजली आणि हादरलोच. छत्तीस मिलिमीटर, चौतीस, बत्तीस! एक अंतर दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! पुढे पुढे तर बनवणाऱ्याने चक्क आवरतं घेतलं होतं.

"अनुप, फसवलंय रे तुला," मी गंभीरपणे म्हणालो. "शिफ्ट सुटायच्या घाईत ठोकलीय ही."

"पण काका, वाजते चांगली."

"वाजत असेल. पण नापास आहे."

आणि मी बॅगेतून लाल स्टिकर काढलं, त्यावर 'नापास' लिहून झोकदार सही केली आणि त्याच्या गिटारच्या पाठीवर चिकटवलं. अनुप घरंदाज मुलगा. तो "थँक यू, काका," म्हणाला.

माझ्या गिटारचे एकोणीसच्या एकोणीस फ्रेट मी अगदी सारख्या अंतरावर बसवले. फरक फार तर दोन शतांश मिलिमीटर! तसं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग गिटारच्या कडा वाकवायची वेळ आली. लाकूड वाकवायचं तर आधी वाफेवर मऊ करावं लागतं. मी कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी लावली, नळीला लांब पाइप जोडला आणि पाइपमध्ये लाकडाच्या पातळ फळ्या सारल्या.

"अहो, हे काय?" मंगल दारातच थबकली. "आत माझी डाळ आहे!"

"असू दे ना. एकाच गॅसवर दोन कामं होतील."

(कंपनीत अशा सूचनेला बक्षीस देतात.)

पाचव्या मिनिटाला पाइप गुरगुरला. सहाव्या मिनिटाला वरण फेसासकट नळीतून वर चढलं आणि हळद-हिंगासह लाकडात मुरलं. लाकूड मात्र झकास वाकलं! त्या दिवशी आम्ही चटणी-भाकरी खाल्ली आणि तेव्हापासून मंगल माझ्याशी फक्त तेजूमार्फत बोलू लागली.

"तेजू, तुझ्या पप्पांना विचार, गिटारला वर तूप हवंय का."

पुढे गिटारची वरची फळी कडांना चिकटवायची होती. फेव्हिकॉल वाळेपर्यंत चहूबाजूंनी ती दाबून धरायला हवी. मला बाल्कनीतल्या दोरीवर बेचाळीस चिमटे दिसले. त्यांच्याखाली वाळत घातलेले कपडेही दिसले, पण वारा अजिबात नव्हता.

वारा दहा मिनिटांनी आला. आमची चादर चौथ्या मजल्यावरून निघाली ती खाली निजामभाईंच्या गॅरेजमध्ये, एका खोललेल्या इंजिनावर जाऊन बसली. निजामभाई दुचाकीचे मेकॅनिक, आणि माणूस मोठा सज्जन. ते स्वतः चादर घेऊन वर आले.

"साहेब, ऑइल लागलंय थोडं," ते म्हणाले आणि चिमट्यांनी भरलेल्या त्या वस्तूकडे पाहून थांबले. "हे काय, साळिंदर पाळलंय?"

"गिटार आहे."

"अच्छा, अच्छा!" त्यांनी चेहरा सरळ ठेवला, यातच त्यांचं मोठेपण आलं. अर्ध्या तासाने ते खरे लोखंडी शिकंजे घेऊन पुन्हा वर आले. सोबत पिस्टनची एक जुनी पिन होती, बोटाएवढी, पोकळ आणि आरशासारखी गुळगुळीत. "ह्याला पॉलिश पेपर गुंडाळा आणि गिटारचं भोक घासा. एकदम गोल होईल."

भोक खरंच एकदम गोल झालं.

गॅदरिंगच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, उद्घाटन झालं. निजामभाई आले, अनुप आला. गिटारच्या तोंडावर खोक्यावरचे छाप तसेच राहिले होते, दोन उभे बाण, एक छत्री आणि 'जपून हाताळा'चा काचेचा पेला. पाठीवर मी हिरवं स्टिकर लावलं, 'पास', आणि खाली सही.

तेजूने तारा जुळवल्या आणि नुसताच हात फिरवला. काय सांगू! असा भरदार, गोल आवाज निघाला की मंगलचे डोळे पाणावले. वरणानंतर सहाव्या दिवशी ती माझ्याशी थेट बोलली. "अहो, वाजतेय हो!"

मग तेजूने डाव्या हाताने तार दाबली.

बेअरिंग गेलेलं मशिन बंद करायच्या आधी शेवटचा जो आवाज काढतं, तो तुम्ही ऐकलाय का? तिने दुसरीकडे दाबून पाहिलं. तिथे तर दोन मशिनं होती.

"पप्पा, फ्रेट कसे लावलेत?"

"एकसारखे! मोजून बघ, शतांशाचाही फरक नाही!"

"काका," अनुप अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते एकसारखे नसतातच. पुढे पुढे अंतर कमी होत जातं. म्हणून तर सूर लागतात."

मी त्याच्या गिटारकडे पाहिलं. पाठीवरची माझी सही लांबूनही स्पष्ट वाचता येत होती.

"आत्ता आकुर्डीला जातो आणि विकत आणतो," मी उठलो.

"नको पप्पा," तेजू जरा घाईनेच म्हणाली. "मी नावच काढून घेते. बरंच झालं." आणि ती हसली. सातवीत चपला हातात घेऊन दारात उभी होती तेव्हाही ती अशीच हसली होती. इतका खटाटोप करून मी पोरीला पळून जायला वाट करून दिली होती! फार वाईट वाटलं मला.

तेजूने माझ्या हत्यारांच्या पेटीतली ती पिस्टनची पिन उचलली, उगाच बोटांत फिरवली आणि तारांवरून ओढली.

गिटार चक्क गुणगुणली! खालच्या सुरावरून वरच्या सुरावर, मधे कुठेही न अडखळता. तेजू दचकली. तिने पिन करंगळीत घातली. अगदी मापाने बसली. पुन्हा तारेवरून सरकवली, आणि तिला हवा होता तिथेच सूर येऊन थांबला.

"पप्पा, तारा खूप उंच बसल्यात ना, म्हणून जमतंय!" (तारा उंच बसणं हीसुद्धा माझीच चूक. माझ्या दोन चुका आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकींच्या मदतीला आल्या.) "पण पिन मधेमधे फ्रेटला खटखटते. काढाल का?"

"किती?"

"सगळे."

मी पक्कड घेतली. एकेक फ्रेट उपटताना जीव तुटत होता. मंगलने, मेथी निवडायला देते तशी, समोर वाटी आणून ठेवली. वाटीत एकोणीस पडले. तेजू तोवर अनुपला सांगत होती, "तू सुरुवात कर, मी दुसऱ्या ओळीला येते." नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

गॅदरिंगला ती स्टेजवर आली. पोरं शिट्ट्या मारत होती. तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि मंगलने माझा हात असा आवळला की अंगठी रुतली. अनुपने सुरुवात केली. पहिली ओळ संपली. तेजूने पिन तारेवर ठेवली.

शिट्ट्या थांबल्या. ती धून कशी होती हे मला सांगता येणार नाही, मला त्यातलं काही कळत नाही हे एव्हाना सिद्ध झालंय. पण माझी पोर शेवटच्या सुरापर्यंत तिथे उभी होती. टाळ्या थांबल्या तरी उभीच! शेवटी निवेदकाने तिला खाली जायला सांगितलं. मी उघड उघड रडलो.

नंतर दोघं गिटारी पाठीला अडकवून आमच्यापाशी आली. मागोमाग त्यांचे सरही आले.

"तेजूची गिटार घरी बनवलीय म्हणे? काय गोड आवाज आहे!" सर म्हणाले. मग त्यांची नजर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पाठींवर गेली. फ्रेट असलेल्या गिटारवर लाल 'नापास', एकही फ्रेट नसलेल्या गिटारवर हिरवं 'पास', आणि दोन्हींखाली एकच झोकदार सही. त्यांनी चष्मा सारखा केला. "तुम्ही क्वालिटीला आहात का हो?"

"छे हो!" मी म्हणालो. "मी कॅन्टीनला असतो. खोटं वाटत असेल तर गिटारचा वास घेऊन बघा."