हॉट प्रेसमधलं वाळवंट

दाराबाहेर पाऊल टाकलं की काका अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळायचे, जणू हवेची चिमूट घेऊन पाहताहेत. मग निकाल द्यायचे, "ओलं आहे जी." टॅलामध्ये, आमच्या या पावसाळी आयरिश गावात, हा निकाल चुकण्याची शक्यता फारशी नव्हती. तरी ते रोज तपासायचे.

आमच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टरचे ते वडील. मूळचे नागपूरचे, पण उमेदीची सगळी वर्षं बाडमेर-जैसलमेरकडे जमिनीखालचं पाणी शोधण्याच्या सरकारी नोकरीत गेलेली. दोन हजार वीसच्या सुरुवातीला लेकीकडे थोडे दिवस म्हणून आले आणि विमानंच बंद झाली. लेकीने मागवलेलं मेतकूट बॅगेत नव्हतं. त्या जागी एका विलायती मासिकाचे जुने अंक होते. निव्वळ वाळवंटांना वाहिलेलं मासिक, केव्हाच बंद पडलेलं.

परदेशी येताना लोक काय काय उचलून आणतात ते तुम्हीही पाहिलं असेल. पण वाळवंट आणणारा हा एकच माणूस मला भेटला.

बागेच्या भिंतीपलीकडून, ठरलेलं अंतर राखून, त्यांनी मला एक अंक उघडून दाखवला. पानोपानी सूर्यास्त, आणि खाली इतका भारदस्त मजकूर की वाळूने उठून सलाम करावा. एका टेकडीखाली 'अनंताचं मौन' अशा अर्थाचं काहीतरी छापलं होतं.

"काका, हे जरा जास्तच होतंय."

"होऊनच राहिलंय. लिहिणारा हॉटेलात बसला असेल. पण रंग पाहा ना जी. संध्याकाळी अगदी असाच राहते."

पहिल्याच उन्हाळ्यात (इकडे त्याला उन्हाळा म्हणतात) बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात काळी बुरशी आली आणि अंकांवर चढली. लेक घाबरली. "बाबा, तुमची छाती आधीच वाजते. घरात एक तर बुरशी राहील, नाहीतर मासिकं."

"मग बुरशी जाईल," काका म्हणाले.

पलीकडच्या आयरिश आजींनी हॉट प्रेसचा उपाय सुचवला. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते तो हॉट प्रेस. धुतलेले टॉवेल लोक त्यात वाळवतात. "ग्रँड होतील बघ," आजी म्हणाल्या. काकांनी एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं, अंकांचे घट्ट गठ्ठे बांधले आणि टाकीला चिकटून रचले. आयुष्य बाडमेरला काढलेल्या माणसाला उष्णतेचा संशय येत नाही.

आठवड्याने गठ्ठे काढले तेव्हा ती गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटून प्रत्येक अंकाची वीट झाली होती.

लेक ड्यूटीवरून नुकतीच आली होती, गालांवर मास्कचे वळ होते. "बाबा, आता टाकायचे का?" तिने हळूच विचारलं.

"तू तुझे पेशंट टाकतेस?"

"बाबा, ती मासिकं आहेत."

"मग सोपंच आहे. औषधाला नाही म्हणणार नाहीत."

टबात पाणी भरून विटा भिजत घातल्या. काका उलथन्याच्या कडेने पान पानापासून सोडवायचे आणि बैठकीत बांधलेल्या दोरीवर वाळत घालायचे. डॉक्टर रोज हॉस्पिटलमधून येऊन वाळूच्या टेकड्यांखालून वाकून स्वयंपाकघरात जायची. बऱ्याच पानांचा रंग शेजारच्या पानावर गेला. उंटाचं डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे. महिनोन्महिने खपून मूठभर पानं वाचली. पाच-सहा अंक मात्र हललेच नाहीत.

मला वाटलं, आता संपलं. तर एका दुपारी काका तसली एक वाळलेली वीट घेऊन भिंतीपाशी आले.

"हा उघडत नाही जी. पण आत काय आहे ते सांगतो. मधल्या पानावर एक विहीर आहे. आम्ही खोदली तेव्हा पाणी खारट निघालं. ज्या म्हातारीच्या दारात खोदली, तिने त्याच पाण्याचा चहा केला आणि समोर बसून आम्हाला प्यायला लावला. साहेबांनाही."

"काका, मासिक परदेशातलं. तुमची विहीर त्यात कुठून आली?"

"उघडून दाखवा," काका म्हणाले.

पुढचे कित्येक आठवडे मी ते न उघडणारे अंक ऐकले. त्यांत मौन नव्हतं, अनंत तर नव्हताच. वाळूत रुतलेली जीप होती, बिघडलेली पोटं होती, पाणी लागलं नाही म्हणून गावाला तोंड न दाखवता पहाटेच तंबू गुंडाळून निघून आलेली तुकडी होती. ती गोष्ट सांगून झाल्यावर काका बराच वेळ विटेच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

दोन हजार एकवीसमध्ये विमानं सुरू झाली. निघायच्या दिवशी लेकीने वाचलेली पानं नीट फाइलमध्ये घालून त्यांच्यापुढे धरली. "ही चांगली न्या ना बाबा. त्या विटा कशाला?"

"चांगली तुला राहू दे."

"आणि त्या?"

"त्या वाचायच्या राहिल्या आहेत अजून."

टॅक्सी कोपऱ्यावर वळताना मला मागच्या काचेतून दिसलं. काकांनी एक अंक मांडीवर घेतला होता आणि ते खिशातून चष्मा काढत होते.