शंभरावर अडलेली वायर

माझ्या मावशीने सगळी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत काढली, तीही बिघाड शोधायच्या टेबलावर. कुणाचा फोन खरखरला, कुणाचा मुका झाला, की तक्रार हिच्याकडे यायची. लाइनच्या एका टोकाला यंत्र लावून ही सांगायची, बिघाड घरात आहे, खांबावर आहे की जमिनीखाली. माणसं जाऊन खणायची आणि बहुतेक वेळा तिथेच सापडायचा. एकदा सापडला नाही तेव्हा ही स्वतः जागेवर जाऊन उभी राहिली आणि खणणाऱ्यांनाच धारेवर धरलं. ते हातभर अलीकडे खणत होते.

निवृत्त झाल्यावर कचेरीने तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने ते आधी उघडून पाहिलं, मग टांगलं. घरात कुणाचं भांडण झालं तरी तिची पद्धत तीच, दोन्ही टोकं तपासल्याशिवाय मधल्याला बोल लावायचा नाही. त्यामुळे तिच्याकडे चुगली घेऊन जाण्यात काही मजा नसते. माझी आई या कारणासाठी तिच्यावर चिडते आणि तरी रोज तिलाच फोन करते.

तिचे यजमान, म्हणजे माझे काका, छापखान्यात होते. सुटीच्या दिवशी खांद्यावर कॅमेरा टाकून तळ्यावर जायचे आणि पक्ष्यांचं चित्रीकरण करायचे. बोलणं कमी, बघणं जास्त. इतकी वर्षं इतकं चित्रीकरण करून ठेवलं की घरात डिस्कना जागा पुरेना. शेवटी मावशीने वरच्या खोलीतल्या कपाटात एक सर्व्हर बसवला, सगळं त्यात भरलं आणि भिंतीतून खाली काकांच्या खोलीपर्यंत वायर आणली. काकांचे गुडघे गेल्यापासून ते जिना चढत नाहीत. खाली मोठ्या पडद्यासमोर बसायचं, वरच्या डब्यातलं चित्रीकरण खाली बघायचं, त्यातलं निवडून तळ्याविषयी एकच सलग फिल्म करायची, हा त्यांचा म्हातारपणचा उद्योग.

या उन्हाळ्यात तो उद्योग अडला. नव्या कॅमेऱ्याच्या फाइली जड. पडद्यावर बगळा उडायला लागला की अर्ध्यात थांबायचा, चित्राचे चौकोन व्हायचे आणि मग एकदम पलीकडच्या काठावर दिसायचा. मावशीने तपासलं. वायरीतून सेकंदाला हजार मेगाबिटच्या वेगाने माल यायला हवा होता, येत होता शंभरच्या. यंत्र तसा आकडाच दाखवतं, त्यात वाद नाही.

वाद दुसऱ्याच गोष्टीचा होता. त्याच सुमारास काकांचा चष्मा बदलायला गेलो तेव्हा चष्मेवाल्याने नंबर काढणं मध्येच थांबवलं. म्हणाला, हे चष्म्याचं काम नाही, डोळ्याच्या पडद्याचं दिसतंय, मोठ्या डॉक्टरांना लवकर दाखवा, कदाचित डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. उशीर केलात तर जे गेलं ते परत येत नाही. काकांनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन झटकून टाकलं.

"मला नीट दिसत नाही कारण चित्रच नीट येत नाही," ते म्हणाले. "आधी ती वायर दुरुस्त कर. वायर नीट झाल्यावरही दिसलं नाही, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. शब्द देतो."

"ठरलं," मावशी म्हणाली.

मला वाटलं, झालं, दोन दिवसांचं काम. जिने सगळ्या गावाच्या लाइनी सुधारल्या तिला घरातली एक वायर म्हणजे हातचा मळ. पण मावशीने त्या वायरीला जो वेळ लावला, तो पाहून माझाच जीव टांगणीला लागला. आधी तिने सर्व्हर उघडून पुसला. मग त्यातलं नेटवर्कचं कार्ड बदललं. मग मधला स्विच बदलला, जुना परत लावला, पुन्हा नवा लावला. सेटिंगच्या पानावर जाऊन वेग बळंच हजार करून पाहिला, तर चित्र येणंच बंद झालं. मग तिने सर्व्हरची डिस्क तपासायला घेतली. डिस्क ठणठणीत होती, आणि ते तिला पहिल्या दिवशीच माहीत असणार.

मी दर रविवारी जायची. काका पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसलेले, मान किंचित वाकडी केलेली, कारण समोर बघून दिसत नव्हतं, कडेने थोडं दिसत होतं. मला बघून म्हणायचे, "तुझ्या मावशीला विचार, घोडं कुठे पेंड खातंय." आणि मावशी वरून ओरडायची, "शोधतेय!"

न राहवून मी एकदा वर गेले.

"अगं, बाजारातून एक लांब वायर आण," मी म्हटलं, "जिन्यावरून खाली सोड. वेग आला तर भिंतीतली वायर खराब, नाही आला तर यंत्र खराब. हे मलासुद्धा कळतं."

"जिन्यावर वायर नको. त्यांच्या पायात येईल."

"ते जिन्याकडे येतात कुठे?"

तिने स्क्रूड्रायव्हरने एक स्क्रू काढला आणि पुन्हा तोच बसवला.

"बरं, मग एक फाइल पेनड्राइव्हवर घे आणि खाली लावून दाखव त्यांना. वायरीचा प्रश्नच नाही."

"तात्पुरतं काही नको, असं तेच म्हणाले."

"ते म्हणतीलच! तू कधीपासून त्यांचं ऐकायला लागलीस?"

माझा आवाज चढला होता. मी तशी तापट आहे आणि मावशीच्या घरात ते चालतं. पण त्या दिवशी ती उलटून बोलली नाही, याचाच मला जास्त राग आला. हिच्या अंगात वय शिरलं की काय, असं मनात आलं. खाली उतरताना मी ठरवलं, पुढच्या रविवारी कुणीतरी माणूसच घेऊन यायचा आणि हिला बाजूला बसवायचं.

माणूस आणायची वेळ आली नाही. पुढच्या रविवारी दुपारी आम्ही तिघं चहा पीत होतो. काकांनी कप तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला. टेबलाच्या कडेच्या पलीकडे ठेवला. कप फुटला, चहा त्यांच्या पायावर सांडला.

"टेबल कुणी सरकवलं?" काका म्हणाले.

कुणीच सरकवलं नव्हतं. मी मावशीकडे पाहिलं. ती उठली, फडकं आणून त्यांचे पाय पुसले, काचा गोळा केल्या. मग कपाटातून स्क्रूड्रायव्हर घेतला, काकांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या सॉकेटसमोर खाली बसली आणि त्याचं झाकण उघडलं.

मीही वाकून पाहिलं. त्या वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. आतून दोनच जोड्या सॉकेटला लावलेल्या होत्या. तिसरी जोडी त्याच भिंतीवरच्या बेलच्या बटणाकडे गेलेली होती. काकांना काही हवं असलं की ते बटण दाबतात आणि वर मावशीच्या खोलीत वाजतं. चौथी जोडी नीट गुंडाळून मागे ठेवलेली होती, उद्या कशाला लागली तर म्हणून.

"हे कुणी केलं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर कळलं.

"मीच. टेलिफोनवर बोलायला आमच्याकडे एक जोडी पुरायची. रिकामी जोडी म्हणजे फुकट गेलेली जोडी, दिसली की साहेब ओरडायचा. मला दोन लागणार होत्या, म्हणून बाकीच्या दोनांतली एक बेलला दिली. तेव्हा शंभरच्या वर कुणाकडेच काही चालत नव्हतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही." ती तारा सोलत बोलत होती. "हजारला चारही जोड्या लागतात."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

मी काकांकडे बघितलं नाही. ते खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

तिने बेलची जोडी सोडवली, गुंडाळलेली उलगडली आणि आठही तारा एकेक करून खाचांत बसवल्या. मग मला म्हणाली, "वर जाऊन मी सांगते तसं त्या टोकाला कर." मी गेले. ती खालून रंग सांगत होती, मी वर दाबत होते. एक उलटा बसला, तेवढ्यावरून तिने मला दोन शब्द सुनावले, आणि मला एकदम बरं वाटलं. मी खाली आले तेव्हा पडद्यामागे वायर खोचली होती तिथला पिवळा दिवा हिरवा झाला होता आणि पडद्यावर हजार असा आकडा होता.

मावशीने फिल्म लावली. काठावरच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. तो पाण्यात सूर मारतो, मासा घेऊन परत फांदीवर येतो, असा सगळा तुकडा. चित्र कुठेही अडलं नाही. चौकोन नाहीत, उड्या नाहीत. उडालेलं पाणी थेंबाथेंबाने दिसत होतं. मी आजवर पाहिलेलं काकांचं सगळ्यात सुरेख काम.

काका बघत होते. मान वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. खुर्ची मागे घेतली, पुढे घेतली. तुकडा संपला.

"परत लाव," ते म्हणाले.

तिने परत लावला. तोही संपला.

"आता अडत नाही," शेवटी ते म्हणाले. "वायर चांगली झाली." मग थांबून, "फांदी दिसते. दोन्हीकडचं पाणी दिसतं. पक्षी मात्र दिसत नाही. तिथे नुसता राखाडी डाग आहे."

मावशी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ती धड रडली नाही, पदराने चष्मा पुसत राहिली आणि तो काही केल्या पुसला जाईना.

"तुला माहीत होतं, तर इतके दिवस का घालवलेस?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मला वायरच खराब हवी होती," ती म्हणाली. "वायर नीट झाली असती, तर मग तुमचे डोळेच उरले असते तपासायला. मी रोज वर जाऊन दुसरंच काहीतरी उघडत बसायची. तुमचे दिवस गेले हो त्यात. चष्मेवाल्याने लवकर दाखवा म्हणून सांगितलं होतं."

"दिवस काय तू एकटीने घालवलेस? पेनड्राइव्ह नको म्हणणारा मीच होतो." काकांनी हात पुढे केला, तो आधी हवेत गेला, मग तिच्या खांद्यावर टेकला. "वायर खराब होती हे खोटं नव्हतं. बिघाड दोन होते, एवढंच. एक तू काढलास."

मला तिथे उभं राहवेना, पण हलताही येईना.

मावशीने चष्मा डोळ्यांवर चढवला. चष्मेवाल्याने दिलेली चिठ्ठी तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिने त्यावरचा डॉक्टरांचा नंबर लावला. रविवार असूनही कुणीतरी उचलला.

"पेशंट माझे यजमान आहेत," ती म्हणाली. "नाही, उद्या दुपारी नको. उद्या सकाळी, तुमचं दार उघडेल तेव्हा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. कधीपासून त्रास आहे, असं असावं. मावशीने काकांकडे पाहिलं.

"चैत्रापासून," काका तिच्या हातातल्या फोनकडे वाकून म्हणाले, "आणि आम्हा दोघांनाही माहीत होतं."