मांडीवरचा कॅन

ताडीचा आंबूस वास आला की मला धामणकर नाक्यावरची ती शेअर रिक्षा आठवते. तेव्हा माझी छाती अधूनमधून उगाच धडधडायची. दुर्मीळ आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून आणायला सांगितली. थेंब सांडला तर पुन्हा पहिल्यापासून. भर उन्हात ट्रॅफिक ठप्प, दोन्ही बाजूंनी माणसं रेटलेली, मांडीवर कॅन. शेजारी बसलेल्या खारबावच्या काकांनी विचारलं, “काय हाय रं यात?” लाजेपोटी मी म्हणालो, “ताडी.” “मंग घोटभर दे की!” म्हणत त्यांनी झाकणच पिरगाळलं. मी ओरडलो, “काका, माझी लघवी हाय ती!” रिक्षा क्षणात रिकामी झाली. कॅन वाचला, त्याच्या तपासणीतूनच दुखणंही सापडलं. आजही कुणी ताडी पुढे केली, की मी आधी विचारतो, “कुणाची?”